सातव्या काडीची गाठ

त्या दुपारी माझं काम साधं होतं. सात काड्या, सात खुंट, सात कलमं. या वनस्पती उद्यानात मी बावीस वर्षं कलमं बांधतेय, हात बसलाय माझा. फुशारकी म्हणा हवं तर, पण कुणी खोटं ठरवून दाखवावं.

काड्या मात्र साध्या नव्हत्या. वरच्या घळीत लाल गराच्या रानटी नासपतीचं एकच झाड उरलं होतं आणि त्या मार्चात हिमलोटानं तेही आडवं पाडलं. बी त्याला कधी धरलंच नाही. आमच्या संग्रहात त्याची वाळवलेली पानं आहेत, पण कागदावर चिकटवलेल्या पानाला मोहर येत नाही. ती अख्खी जात आता या सात काड्यांत होती. माझ्या गुरू उमसुनाय एजे, म्हणजे आमच्या थोरल्या ताई, यांनी त्या झाडासाठी तीस वर्षं डोंगर पालथे घातले, आणि आदल्या पानगळीत त्या गेल्या.

वनरक्षक तुरदुबाय बाइके, आम्हा सगळ्यांचे दादा, काड्या ओल्या लोकरी कापडात गुंडाळून घेऊन आले.

"जिपार, जरा बघून घे गं. बोटं बधिर झालेली, कशाबशा बांधल्यात."

"बाइके, तुम्ही तुमचा खोकला सांभाळा. मला कलमं शिकवायला निघालात!"

"तुझी एजे असती तर कान उपटला असता तुझा," म्हणून ते हसत खाली गेले.

काचघरावर बर्फ साचून तीन वाजताच आत अंधारलं होतं. वीजही गेलेली. काडीची दोरी आम्ही नेहमी बुडाला बांधतो, ती चाचपली की खालचं टोक कळतं. एजे मात्र दरवेळी अंगठा फिरवून कोंबाचा डोळा वर बघतोय ना, हे तपासायच्या. मला कधी गरज वाटली नाही. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी मी भराभर सगळी आवळली.

सातवी गाठ मारली आणि आवाज आला. सर्र... सर्र... चामड्यावर पातं घासल्याचा. एजे चाकू असाच बुटाच्या चामड्यावर परजायच्या, डाव्या हातानं. डावखुऱ्या होत्या त्या. मग वास आला. आर्चा या सुगंधी डोंगरी झाडाच्या फांद्या जाळल्याचा, मयताच्या घरी येतो तसा, आणि त्याखाली ओल्या मातीचा.

"कोण...?"

पातं थांबलं. माझ्या मानेशी कुणीतरी हळूच विचारलं, शिकवताना विचारायच्या तसंच.

"जिपार... वरची बाजू कुठली?"

मी बाहेर धावले. कुलूप कसं लावलं ते हातांनाच ठाऊक. किल्ली उजाडेपर्यंत मुठीत होती.

सकाळी बाइकेंना सोबत नेलं. दाराशी ताज्या बर्फात एक पाऊल नव्हतं, कुलूप जसंच्या तसं. आत माझ्या सहा पट्ट्या टेबलावर नीट गुंडाळून ठेवलेल्या. सहा कलमं पांढऱ्या सुती चिंध्यांनी नव्यानं बांधलेली, डावखुऱ्या गाठींनी. सातवं तेवढं माझंच, तसंच. बाइकेंनी ते निरखलं आणि काडीच्या टोकावर बोट ठेवलं.

"अगं, ही उलटी खोचलीस... दोऱ्या मी शेंड्याला बांधल्या होत्या. सांगायचंच राहिलं..."

सातही काड्या मी उलट्या लावल्या होत्या; त्यातल्या सहा रात्रीत सुलट्या झाल्या होत्या. माझ्या तोऱ्यापायी एक जात मातीत जाणार होती. मला रडूच फुटलं.

चिंधी बाइकेंच्या बायकोनं ओळखली. एजेंचं कफन तिनंच शिवलं होतं.

त्याला नऊ वर्षं झाली. सहाही जगली, माझ्याहून उंच झाली. दोन तर आम्ही घळीत परत नेऊन लावली. सातवीला परत हात लावायचा मला धीर झाला नाही, ती पंधरवड्यात वाळली. ती कुंडी मी फेकली नाही, तोरा चढला की बघायला टेबलावरच ठेवली. कलमं अजूनही या बागेत माझीच उत्तम होतात, पण आता प्रत्येक डोळ्यावर अंगठा फिरवते.

आज सकाळी काचघराचं कुलूप काढलं, तर ती वाळकी काडी सुलटी बसवलेली. पांढऱ्या चिंधीनं आवळलेली. वरचा डोळा हिरवा.

"आल्यात का एजे?" मी विचारलंसुद्धा. मग वाकून गाठ बघितली.

गाठ उजव्या हाताची आहे, माझ्याच वळणाची. तशी गाठ या बागेत फक्त मी मारते, आणि ही मारल्याचं मला आठवत नाही.