पाचव्या निशाणावरचं भोक

या, जरा पुढं सरकून बसा. मागं बसलं की गोष्ट कानाशीच थांबते, आणि ही तर एका बहिणीच्या अंतःकरणाची गोष्ट आहे... ती आत उतरायला हवी.

आई शेवटच्या घटका मोजत होती. ताईनं पाण्याचा चमचा तिच्या ओठांशी नेला, तर आईनं मान फिरवली. "तू नको. माझ्या लेकाच्या कपाळी डाग लावणारे हात आहेत ते. त्याला पाजू दे."

भाऊ उशाशी उभा होता. त्याचा एक शब्द पुरे होता... एकच शब्द! पण त्यानं मुकाट्यानं चमचा घेतला, आईला पाणी पाजलं. संध्याकाळच्या आत आई गेली.

काय होता तो डाग? आई जाण्याच्या सात वर्षं आधी ताई रंगरूटांच्या गोळीबाराच्या मैदानावर कामाला होती. मातीच्या उंच बांधामागं खोल खंदक. गोळ्या डोक्यावरून कडाडत जायच्या, आणि गोळीबार थांबला की ताई निशाणाची, म्हणजे नेम धरायच्या कागदाची, चौकट खाली ओढायची, भोकं मोजून आकडा कळवायची, खळ लावून त्यांवर कागदाचे तुकडे चिकटवायची आणि चौकट पुन्हा वर ढकलायची. वडील गेल्यापासून याच कामावर तिनं घर ओढलं होतं, स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की तो हसण्यावारी नेला होता. भाऊ तिथंच रंगरूट म्हणून लागला, तेव्हा तिचा ऊर आनंदानं भरून आला.

पाठीवर ओझं घेऊन चिखलातून सरपटण्यात भाऊ पहिला, खंदक खणण्यात पहिला. फक्त बंदुकीचा घोडा दाबताना त्याचे डोळे मिटायचे. रंगरूटांना शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "बाबा रे, इथं नेम धरायला आलायस की जप करायला?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, त्यानं तिला पाण्याच्या नळाशी गाठलं.

"ताई, उद्या पाचव्या निशाणावर तू आहेस. वीस गोळ्यांतल्या बारा लागल्या नाहीत तर घरी पाठवतील."

"लागतील."

"नाहीच लागल्या तर..." त्यानं तिच्या हातात पेन्सिल ठेवली. "हिचं भोक गोळीएवढंच पडतं."

"असलं पुन्हा तोंडातून काढू नकोस," ती म्हणाली. पण पेन्सिल काही तिनं परत दिली नाही.

दुसऱ्या दिवशी निशाण खाली आलं. तिनं तीनदा मोजलं. अकरा. हात आपोआप उठला... आणि ती उभी होती त्या बाजूनं, म्हणजे मागून, तिनं पेन्सिल खुपसली.

घात तिथंच झाला. गोळी समोरून येते, कागदाची कड मागं फाटते. हिच्या भोकाची कड पुढं आली होती. तपासायला उतरलेल्या उस्तादांनी कागदावरून अंगठा फिरवला आणि ते थांबले. "बाई, ही एक गोळी घरी परत निघाली होती वाटतं."

त्यांनी भावाला बोलावलं. त्यानं तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "त्याला काही ठाऊक नाही, साहेब. माझीच मती फिरली."

भाऊ खाली बघत म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं."

ताईचं काम गेलं. चार दिवसांनी, दुसरा माणूस खंदकात ठेवून, भावाची पुन्हा परीक्षा घेतली. चौदा लागल्या. त्या भोकाची गरजच नव्हती हो! सारी तुकडी मात्र त्याला 'पेन्सिल' म्हणू लागली, ते आईच्या कानावर गेलं, आणि त्या दिवसापासून ताई आपल्याच घरात परकी झाली. भाऊ घरी यायचा, जेवायचा, जायचा. खरं काय ते बोलला नाही.

आईला जाऊन चार वर्षं झाली. ताई एका लाँड्रीत इस्त्री करत होती. एके दिवशी सकाळी ते जुने उस्ताद, आता निवृत्त झालेले, कोट घेऊन आले.

"तुमचा भाऊ पाच वर्षं माझ्या जागी उस्ताद आहे. काल मुद्दाम बघायला गेलो होतो. नव्या पोरांना म्हणाला, 'भोक माझ्या ताईनं पाडलं, पण पेन्सिल मी दिली आणि खोटं मी बोललो. बंदूक हातात घेण्याआधी एवढं ऐकून ठेवा.' दर तुकडीला सांगतो म्हणे."

ताईनं इस्त्री उभी केली आणि तशीच मैदानाच्या फाटकाशी गेली. पोरांना घेऊन बाहेर येणारा भाऊ तिला बघून जागीच थबकला.

"किती तुकड्यांना सांगितलंस?"

"नऊ."

"पहिलीला कधी?"

"आई होती तेव्हा..."

"परक्या पोरांना सांगता आलं, आणि आईला नाही?"

"घरात पाऊल टाकलं की जीभच उचलायची नाही, ताई." तो रंगरूटांदेखत धुळीत तिच्या पायांवर कोसळला. "मला माफ कर."

तिनं त्याच्या मस्तकावर हात ठेवला. डोळे भरून वाहत होते, पण आवाज कोरडा होता. "तुला मी त्याच दिवशी माफ केलं होतं रे. ऊठ. पण आईला आता कोण सांगणार, ते मला विचारू नकोस."

तर मंडळी, ताईला तिचा भाऊ मिळाला, तिची काळजी नको. आज देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या आईची आठवण काढा... आपली लेक कशी होती हे न कळताच गेली ती.