सात नंबरची नळी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पटवून देण्याची मला हौस नाही. चेतन माझा मावसभाऊ, आणि वाघोलीच्या त्याच्या फ्लॅटमधला तो फ्रीज मी स्वतः उघडून पाहिलाय.

गेल्या ऑक्टोबरची सोळा तारीख. सकाळचे सहा.

चेतन हिमालयातल्या ट्रेकवरून परतून चार दिवस झाले होते. अंग नुसतं ठणकत होतं. झोप डोळ्यांवर होती, पण लागत नव्हती. तरी उठून लाळेची नळी भरायचीच होती. एका डॉक्टरीणबाईंचा अभ्यास होता तो, वर जाणाऱ्या सगळ्यांवर. उंचावर हवा विरळ झाली की शरीर घाबरतं, कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं, ते लाळेत सापडतं. वर असताना रोज एक नळी, खाली आल्यावर आणखी पंधरा दिवस. उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी.

चेतनचा नंबर सहा.

सात नंबर मच्छिंद्रचा. लोणी काळभोरचा, त्याचा जिवलग मित्र.

मच्छिंद्र परत आला नव्हता...

चेतनने फ्रीजर उघडला. मटारच्या पिशवीमागे त्याच्या नळ्या होत्या. आणि शेजारी... आणखी एक, अजून न गोठलेली. भरलेली.

नंबर सात. तारीख आजची.

"रुपाली, ही तू ठेवलीस?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का?" त्याची बायको ओट्यापाशीच उभी होती. "मी हात तरी लावते का त्या थुंकीला!"

चेतनने ती नळी तिच्यासमोर धरली. आणि कुणालाच न सांगितलेलं त्याने तिला सांगितलं.

नियम होता, सकाळी ज्याला नळी भरता येणार नाही त्याने सरळ खाली उतरायचं. शेवटच्या मुक्कामी मच्छिंद्रच्या तोंडाला कोरड पडली होती. ओठ निळे पडले होते.

"भर की लेका माझी पण," तो म्हणाला. "हितवर येऊन माघारी जाऊ व्हय?"

वाद घालायचं त्राण चेतनमध्येही नव्हतं. त्याने दोन्ही नळ्या भरल्या.

दुपारी मच्छिंद्र एका दगडाला टेकून बसला, तो उठलाच नाही.

"अरे देवा," रुपाली एवढंच म्हणाली. तिने ती नळी बेसिनमध्ये ओतून टाकली.

दुसऱ्या दिवशी सात नंबर नव्हता. चेतनला हायसं वाटलं. त्याने स्वतःची रिकामी नळी उचलली...

ती भरलेली होती.

त्याच्या तोंडात मात्र थेंबभर लाळ नव्हती. जीभ टाळूला चिकटलेली.

रोज तेच. ओतून टाकली, तरी पहाटे भरलेली. मग त्याच नळ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. पंधरा दिवसांत तो नऊ किलो उतरला. एक जिना चढला की धाप लागायची, बसल्या जागी ओठ निळे पडायचे. शेवटी रुपाली त्याला बाईंकडे घेऊन गेली. त्याने सगळं कबूल केलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, मित्र गेलाय, मन थाऱ्यावर नसणारच. पण रिपोर्ट उत्तम आहे आपला. इतकं शांत कॉर्टिसॉल मी कुणाचं पाहिलं नाही. झोपा जरा."

मागच्या रविवारी मी गेलो होतो. अभ्यास संपून दोन महिने झालेत, घरात एकही नळी उरलेली नाही. चेतन भिंतीकडे तोंड करून पडला होता. छातीचा भाता चालू. पाण्यात बर्फ टाकावा म्हणून मी फ्रीजर उघडला...

नंबर सहा. काठोकाठ.

मी ती त्याला दाखवली. त्याने मानही वळवली नाही.

"मी त्याचं भलंच बघितलं होतं ना रे?" तो म्हणाला. "आता तोही माझं भलंच करतोय."

हल्ली सकाळी जाग आली की मी आधी तोंडात जीभ फिरवून बघतो.