बिछायतवाल्याजवळ दोर नव्हता

"टोचन करून देऊ काय जी?"

कळमेश्वरच्या पुढे, संत्र्यांच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर सौरव मयुराशी बोलला ते हे पहिलं वाक्य. प्रेमकथांमधले नायक पहिल्या भेटीत काय काय बोलतात! कोणी डोळ्यांबद्दल, कोणी केसांबद्दल. आमच्या नायकानं बंद पडलेली गाडी ओढून नेण्याबद्दल विचारलं. त्यावर नायिकेनं हातातला पाना असा काही उगारला, की तारेवर बसलेले झाडून सारे पोपट उडाले ते थेट मध्य प्रदेशात जाऊन उतरले. अजून परतले नाहीत म्हणतात.

"तो शब्द काढू नका," मयुरा म्हणाली.

"कोणता?"

"आत्ता बोलले तोच."

"टोच—"

"हां!" पाना आणखी वर गेला.

सौरवनं दोन्ही हात वर केले. पण नजर काही खाली घेतली नाही. मुलीच्या गालावर ग्रीसचा काळा पट्टा होता, केसांत वाळलेलं पान अडकलं होतं, आणि रागानं नाकाचा शेंडा लाल झाला होता… सौरवनं आजवर शेकडो नवऱ्या पाहिल्या होत्या, साऱ्या नटलेल्या, साऱ्या मखमली खुर्चीत बसलेल्या. पण एकीवरही त्याची नजर अशी खिळली नव्हती.

नवऱ्या त्यानं पाहिल्या होत्या, कारण त्याचा धंदाच तो. सीताबर्डीत त्याचं बिछायत केंद्र होतं. मांडव, गालिचे, खुर्च्या, स्वयंपाकाचे गंज, झुंबरं, सारं भाड्यानं. आताही काटोलकडचं एक लग्न आटोपून तो सामानानं लादलेला पिकअप घेऊन नागपूरला परत निघाला होता.

आणि मयुरा त्या शब्दावर एवढी का उसळली? तेही ऐका.

ती जी गाडी रस्त्याच्या कडेला तोंड पाडून उभी होती, ती जुनी व्हॅन मयुराची. नाव रंभा. मयुरानं वर्षभर खपून तिच्यात झोपायच्या फळ्या बसवल्या, छोटा ओटा केला, वर तंबू बांधायची सोय केली. अशा गाडीतून कुटुंबंच्या कुटुंबं तळ्याकाठी, जंगलाकाठी मुक्कामाला न्यायची, हे तिचं स्वप्न. वडील आनंदराव कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. उभी हयात बॉयलरपाशी गेल्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल आपल्याला कळतं, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांनी अट घातली होती : "आपण तिघं एक मुक्काम करून येऊ. गाडी आपल्या पायानं गेली अन् आपल्या पायानं घरी आली, तं कर तुह्या मनासारखं. पण टोचन होऊन आली, तं गाडी भंगारात अन् तू पुण्याले. मामानं नोकरी पाहून ठेवली आहे."

मयुरानं हो म्हटलं होतं. आणि रंभा घरून निघाल्यापासून दम्याच्या म्हाताऱ्यासारखी चालत होती. जराशी धावायची, घुसमटायची, थांबायची. इथं येऊन तर पार बसलीच.

"मयुरे, इंजिनच गेलं," आनंदराव बॉनेटमधून डोकं काढत म्हणाले. आधी त्यांनी पंप गेल्याचं सांगितलं होतं, त्याआधी बॅटरी. "कळमेश्वरचा मिस्त्री फोनवर म्हणते, मी लग्नात आहो. आता काय इथंच राहाचं?" मग त्यांचं लक्ष सौरवकडे गेलं. "बरं झालं गा भाऊ आला तू. पोरीनं वर्षभर खपून उभी केली, पण टोचन झाली तं भंगारात, अशी अट आहे आमची. दोर आहे काय तुह्याजवळ?"

मयुराचा हात खाली आला. ती रंभेच्या दारावर तळवा ठेवून उभी राहिली, आजारी वासराच्या पाठीवर ठेवावा तसा… आणि सौरवकडे पाहिलं.

बस. एवढंच. त्या एका नजरेत गडी कामातून गेला.

"दोर नाही जी काका," तो म्हणाला.

"बिछायतवाल्याजवळ दोर नाही?"

"आता सारं नटबोल्टवर असते काका."

आनंदरावांनी पिकअपच्या मागे बोट दाखवलं. तिथं मनगटाएवढ्या जाड काथ्याच्या दोराचं वेटोळं लोंबत होतं. अजगर जेवून पडावा तसं. "अन् हे काय लोंबून राहिलं?"

"ते?" सौरवनं मागं वळून अशा नवलानं पाहिलं, जशी ती वस्तू आत्ताच उगवली. "ते… झालर आहे जी."

"काथ्याची झालर?"

"नवी फॅशन आहे काका. पुण्याकडं लई चालते."

मयुरानं तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

आनंदराव आणखी काही बोलणार, तेवढ्यात व्हॅनच्या मागच्या दारातून पुष्पलताबाईंचं, म्हणजे मयुराच्या आईचं, डोकं बाहेर आलं. "अजी, तुमची झालर राहू द्या. माही रोडग्याची कणीक वाळून राहिली. तळ्यावर भाजतो म्हणे रोडगे! आता इथंच पेटवा. पोटात काही गेल्याबिगर मी कुठी जात नाही."

रोडगे म्हणजे काय ते विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो : कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात, राखेखाली पुरून भाजायचे, फोडून त्यात तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी. हे घरात होत नाही. त्याला मोकळं आभाळच लागतं. आणि गोवऱ्यांचं पोतं तर बाईंनी सकाळीच गाडीत घालून घेतलं होतं.

शेजारचा बागवान सौरवच्या ओळखीचा निघाला. त्यानं बांधावरची जागा दिली. सौरवनं पिकअप आत घेतला आणि म्हणाला, "काकू, जमिनीवर काहून बसता? मी काय कामाचा मंग?"

पुढची गोष्ट तुम्हाला खोटी वाटेल, वाटू द्या. सूर्य कलायच्या आत त्या बांधावर, थेट रंभेच्या मागच्या चाकांपर्यंत, लाल गालिचा पडला. तंबूच्या जागी नक्षीचा मांडव उभा राहिला. संत्र्याच्या झाडाला झुंबर टांगलं. आणि नवरा-नवरीच्या दोन सोनेरी सिंहासनांपैकी एकावर आनंदराव विराजमान झाले. रस्त्यानं जाणारे दोन मोटरसायकलवाले थांबून त्यांना मुजरा करून गेले.

"अशी कॅम्पिंग मी बापजन्मी पाहिली नाही," आनंदराव सिंहासनावर रेलत म्हणाले. "पण गाडी तं बंदच आहे ना."

मयुरा रंभेपाशी पुन्हा पाने-पक्कड मांडून बसली होती. बागेत आंबिया बहाराची फुलं नुकती उमलत होती. वाऱ्याची झुळूक आली की तो गोडसर वास थेट डोक्यात जायचा. सौरव चहाचा कप घेऊन आला.

"खोटं काहून बोलले?" तिनं वर न बघता विचारलं.

"कोण, मी?"

"झालर."

"तुमच्या हातात पाना होता जी. मले जीव प्यारा आहे."

"खरं सांगा."

त्यानं कप तिच्या बाजूला ठेवला. "मी लोकायचे मांडव घालतो. मेहनतीनं उभं करतो… अन् दुसऱ्या दिवशी आपल्याच हातानं सोडतो. उभं केलेलं मोडताना बरं नाही वाटत. सवय झाली, पण बरं नाही वाटत. तुम्ही वर्षभर खपून उभी केलेली गोष्ट माह्याच दोरानं मोडावी…" त्यानं मान हलवली. "नाही जमलं."

मयुरानं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग कप उचलला. "चहा गोड झाला."

"साखर कमी पडली म्हणून काकू बोलल्या होत्या."

"मी म्हटलं ना, गोड झाला."

तेवढ्यात आईची हाक आली. विस्तव पडला होता, रोडगे पुरायचे होते. मयुरा गेली, पण मन रंभेपाशी… आणि थोडं चहापाशी. तिनं घाईघाईनं राखेचा ढीगच्या ढीग विस्तवावर लोटला. विस्तव एकदा धुसफुसला आणि गप्प झाला.

"अवं माय!" पुष्पलताबाईंनी कपाळावर हात मारला. "पुरून टाकलं तू त्याले! धुराले निघाले वाट तं ठेव पोरी. धूर कोंडला की विस्तव मरते."

मयुराचा हात जागीच थांबला.

"काय म्हटलं आई?"

"धूर कोंडला की—"

"आई, गोवऱ्या कुठून घेतल्या सकाळी?"

"सिंधूताईच्या गोठ्यातून. तुह्या बाबानं गाडी थेट भिंतीपावतर रिव्हर्स घेतली, पोतं टाकाले सोपं पडावं म्हणून."

"त्या भिंतीवर नव्या गोवऱ्या थापल्या होत्या?"

"हो ना. ओल्याच होत्या. मी मागं उभी राहून येऊ द्या, येऊ द्या म्हणत होती… तं धप्प झालं."

मयुरा उठली ती रोडग्याचा चिमटा घेऊनच धावली. रंभेच्या मागे गालिच्यावर चक्क आडवी झाली. "उजेड!" ती ओरडली. सौरव मोबाइलचा उजेड धरून तिच्या शेजारी लवंडला. खांद्याला खांदा लागला, तिनं काढला नाही, त्यानंही नाही.

"दिसते काय?"

"थांबा… आत आहे. पार आत गेलं आहे. उजेड इकडं धरा, माह्या तोंडावर नाही!"

"चुकून जी."

"चुकून तिसऱ्यांदा?"

चिमटा सायलेन्सरच्या नळीत शिरला, फिरला, अडला… आणि खट्कन एक काळा गोळा गालिच्यावर घरंगळला. इंजिनाच्या धगीनं दिवसभर भाजून दगड झालेली गोवरी. तिच्या एका अंगावर सिंधूताईच्या अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट उमटला होता, की सातबाऱ्यावर चालला असता.

मयुरा तो गोळा घेऊन सिंहासनासमोर उभी राहिली. "बाबा, इंजिन नाही गेलं. गाडीचा श्वास कोंडला होता. तुम्ही उभी हयात धुराड्याजवळ काढली ना? रिव्हर्स कोणं घेतली होती?"

आनंदरावांनी झुंबराकडे पाहिलं. संत्र्यांकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

"मी नुसतं 'येऊ द्या' म्हटलं," पुष्पलताबाई म्हणाल्या. "'धडकू द्या' नाही म्हटलं."

मयुरानं किल्ली फिरवली. रंभा खोकली, हलली, आणि दिवसभर कोंडलेल्या धुराचा असा एक लोट तिनं सोडला, की तिकडे कोराडीच्या चिमण्याही म्हणे क्षणभर लाजल्या. मग इंजिन सुरात लागलं. मयुरा दारातून उडी मारून बाहेर आली, आईला मिठी मारली, बाबांना मारली, आणि त्याच वेगात सौरवसमोर येऊन… थांबली. दोघांचेही हात अर्धे वर.

"रोडग्याचा विस्तव पेटवू काय जी?" सौरव कसाबसा म्हणाला.

"वाट ठेवून पेटवा," ती म्हणाली. "धुराले."

त्या संध्याकाळी तुपात बुडवून किती रोडगे संपले ते विचारू नका. बागवानाच्या कुत्र्यालाही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भुंकता आलं नाही. आईबाप रंभेत झोपले, मयुरा मांडवात, आणि सौरव पिकअपमध्ये. कॅम्पिंग अखेर झालंच.

पण सकाळी सारं सामान पिकअपवर लादल्यावर गंमत झाली. रात्री शेतीची लाइन आली, बागवानाची मोटर आपोआप सुरू झाली, आणि पाणी वाफ्यांतून वाहत थेट पिकअपखाली आलं. काळी माती ती. पिकअपची चाकं निम्मी आत. सौरव गिअर टाकायचा, चाकं गरगर फिरायची, गाडी आणखी खाली बसायची. त्याचा चेहरा उतरला. दुपारी नागपुरात एका मुलीचं लग्न होतं आणि तिचा मांडव, गालिचे, सिंहासनं, सारं या चिखलात.

रंभा गुरगुरत मागे आली. मयुरानं खिडकीतून डोकं काढलं. गालावर आज ग्रीस नव्हतं, पण हसू होतं.

"टोचन करून देऊ काय जी?"

सौरव बघतच राहिला.

"दोर आहे काय तुमच्याजवळ?"

"…झालर आहे."

"चालते."

दोर बांधला. रंभेनं दात-ओठ खाऊन असा हिसका दिला, की पिकअप चिखलातून भाकरीवरच्या लोण्यासारखा सरकत रस्त्यावर आला. खरं तर तिथंच दोर सोडायला हवा होता. पिकअप धडधाकट होता. पण सौरव गाठीशी बराच वेळ झटून म्हणाला, "सुटून नाही राहिली जी. लई घट्ट बसली."

जन्म गाठी बांधण्या-सोडण्यात गेलेल्या माणसाला स्वतःची गाठ सुटत नव्हती. मयुरानं आरशात पाहिलं. तिनं आरशात पाहिलेलं त्यानं पाहिलं. "राहू द्या मंग," ती म्हणाली. "बांधून घेऊन जाते."

आणि अशी ती वरात नागपुरात शिरली. पुढे रंभा, मागे मनगटाएवढी झालर, झालरीला पिकअप, पिकअपवर दोन सोनेरी सिंहासनं. सीताबर्डीला व्हरायटी चौकात तर कपडेवाल्यांनी आरोळ्या ठोकल्या, वरून जाणारी मेट्रोही मला वाटतं जरा हळू झाली. बिछायत केंद्रासमोर रंभा थांबली ती चार चाकांवर, ताठ मानेनं. लग्नाला अजून वेळ होता.

आनंदराव खाली उतरले. कमरेवर हात ठेवून त्यांनी आधी रंभेकडे पाहिलं, मग दोराकडे, मग पिकअपमधून अवघडून उतरणाऱ्या सौरवकडे.

"मयुरे, अट काय होती आपली?"

"टोचन होऊन आली तं भंगारात."

"हं. मामाले फोन करतो, पुण्याची नोकरी दुसऱ्या कोणाले द्या म्हणून." मग त्यांनी मिशीतल्या मिशीत हसत सौरवकडे बोट केलं. "पण टोचन होऊन तं हा आला. अट म्हणजे अट. याले टाकू काय भंगारात?"

सौरवनं पुन्हा दोन्ही हात वर केले. "काका, ते झालरीचं…"

"झालरीची फॅशन मले काल समजली नव्हती, असं वाटते काय तुले?"

मयुरा पुढे आली. रंभेकडून सोडलेलं दोराचं टोक तिच्या हातात होतं. तिनं ते हाताला एक वेढा देऊन घट्ट धरलं.

"भंगारात नको बाबा," ती म्हणाली. "याले मी ठेवून घेते."

पुढच्या थंडीत त्या दोघांचा मांडव सौरवनं स्वतःच्या हातानं उभा केला. दुसऱ्या दिवशी गडी तो सोडायला आले, तेव्हा नवरा-नवरी रंभेत सामान भरत होते. सौरवनं मांडवाकडे एकदा पाहिलं, बायकोकडे एकदा पाहिलं, आणि गड्यांना म्हणाला, "राहू द्या गा. हा नाही सोडायचा."