खोटं बोललं की तापणारी तलवार

अंबिका आमच्या टेबलाशी आली ती खुर्ची मागायला.

लोअर परळच्या एका कॅफेत रविवारी आमचा खेळ चालायचा. सिद्धांत गोष्ट सांगायचा, आम्ही तिच्यातली पात्रं व्हायचो आणि पुढे काय घडणार ते फासे टाकून ठरायचं.

"ही खुर्ची नेऊ का?"

"न्यायची नाही. बसायचं असेल तर बस," सिद्धांत म्हणाला. "आम्हाला जादूगारीण हवीय."

ती हसली... आणि बसली.

अडचण माझी होती. मी धर्मयोद्धा. माझ्या तलवारीत राक्षस मारायची पवित्र शक्ती होती, पण कुणीतरी तिच्यावर दोन नको ते मंत्रही घालून ठेवले होते. शत्रू दिसला की ती मोठ्यानं ओरडायची. आणि मी खोटं बोललो की तिची मूठ तापून माझा हात भाजायचा.

"ह्याच्यामुळे सगळीकडे पकडले जातो आपण," लवू अंबिकाला म्हणाला. तो आमच्यातला चोर. "उडव ना सगळे मंत्र एकदम!"

"मग पवित्र शक्तीपण जाईल," सिद्धांत म्हणाला. "उरेल नुसतं लोखंड."

अंबिकानं फासे हातात धरले, पण टाकले नाहीत.

"माझी आई प्रभादेवीला ब्लाउज शिवते. उसवताना कापड ओढायचं नाही, आधी दोऱ्याचं टोक शोधायचं. ही तलवार का ओरडते?"

सिद्धांतला काहीतरी सांगणं भाग होतं. "आधीच्या मालकाला... कमी ऐकू यायचं."

"मग मी तिला सांगते, ह्याचे कान चांगले आहेत. ओरडू नकोस, बाई."

तिनं फासे टाकले. तलवार गप्प झाली. पवित्र शक्ती होती तशीच राहिली. आम्ही इतके दिवस त्या तलवारीशी भांडत होतो. हिनं तिची विचारपूस केली. मी अंबिकाकडे बघतच राहिलो.

ती दर रविवारी येऊ लागली. दुसरा मंत्र मात्र निघेना.

"टोक सापडत नाहीये रे," ती म्हणायची. मला घाई नव्हती. मंत्र निघाला आणि ती यायची थांबली तर? हीच भीती होती.

एका रविवारी तिनं मेनूकार्ड गुंडाळून माझ्या हातात दिलं. "ही तलवार. धर नीट. तू इथे फक्त खेळायला येतोस?"

"हो."

"हात भाजला," सिद्धांत म्हणाला.

लवू टेबल बडवत हसला. अंबिकानं माझा हात उलटा केला आणि तळव्यावर फुंकर घातली.

"आता खरं सांग."

"तू... तू येतेस म्हणून येतो."

"मूठ थंड," सिद्धांत म्हणाला.

"हा मंत्र मी काढणार नाही," अंबिका म्हणाली. माझा हात तिनं सोडला नव्हता.

लग्नानंतर वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत तिनं संसार मांडला. घरातही मी थाप मारली की ती हात पुढे करायला लावायची.

मग तिचं आजारपण आलं. हॉस्पिटलमध्ये एका दुपारी तिनं विचारलं, "धम्मपाल, मी घरी येणार ना?"

"येणार की."

तिनं माझा हात ओढून घेतला, उलटा केला... आणि हळूच फुंकर घातली.

मी अजून रविवारी कॅफेत जातो, एकटाच. तलवारीवर तो मंत्र तसाच आहे.

"बरा आहेस ना?" सिद्धांत विचारतो.

"बरा आहे," मी सांगतो.

हात भाजला, असं तो म्हणत नाही. फासे माझ्याकडे सरकवतो.