खंड्याचं खरं वय

तासगावात आता कुत्रं पाळणाऱ्या घरांत वयवाटी आली होती. दिसायला साधी स्टीलची वाटी, पण कुत्र्यानं तिच्यात तोंड घातलं की ती त्याच्या लाळेतल्या पेशी तपासायची. पेशी जुन्या होत जातात तशा त्यांच्यातल्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा साचतात. त्या मोजून वाटी वय सांगायची, आणि वय न् आकार पाहून कोणतं खाणं किती द्यायचं तेही.

जयवंतराव सूर्यवंशींना ती घरात नकोच होती. उभा जन्म जनरेटरचे काटे वाचण्यात घालवलेल्या माणसाला वाटीनं काय शिकवावं? खंड्या तेरा वर्षांचा, हे त्यांना तोंडपाठ होतं. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठीचं हलकं खाणं ते पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे ग्रॅमवर तोलून द्यायचे. दर रविवारी खंड्याचं वजन करायचं आणि ते घटलं असेल तर तक्ता पाहून माप कमी करायचं, हा त्यांचा नेम. सहा महिन्यांत अठरा किलोचा खंड्या तेरावर आला. ‘वयच झालं त्याचं,’ म्हणत जयवंतराव मनाची तयारी करत होते, आणि ती काही केल्या होत नव्हती. पत्नी शालन जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या हाकेला धावलेला असा घरात हा एकच जीव उरला होता.

अखेर जनावरांच्या डॉक्टर शबाना मुजावर यांनी आग्रहानं वाटी हातात ठेवली. खंड्यानं तिच्यात तोंड घातलं आणि कडेवर अक्षरं उमटली: वय नऊ वर्षं, चण मध्यम, खाणं दुप्पट करा.

जयवंतराव तडक दवाखान्यात गेले. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात खंड्याची साखळी.

“डॉक्टरबाई, तुमची वाटी चार वर्षं गिळून बसली!”

शबानानं हसत दुसरी वाटी काढली. तिनंही नऊच सांगितलं. मग तिनं खंड्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि तिचं हसू मावळलं.

“काका, हा म्हातारपणानं वाळत नाहीये. उपाशी आहे.”

“उपाशी? अहो, मी तोलून घालतो त्याला!”

“तिथंच चुकतंय. कुत्र्याचं वजन किती असायला पाहिजे त्यावर तक्ता वाचायचा, किती उरलंय त्यावर नाही. तो वाळला की तुम्ही माप कमी करताय, आणि माप कमी केलं की तो आणखी वाळतोय. त्यात खाणं म्हाताऱ्याचं. माणसाच्या हिशेबात हा तर नुसता पन्नाशीचा गडी आहे.”

जयवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हट्ट सुटेना. “नऊचा कसा असेल हा? दोन वर्षांचा असताना जीपखाली याचा मागचा डावा पाय मोडला होता. फळी मीच बांधली होती. एक्स-रे काढा, हाडावरची गाठ दाखवतो तुम्हाला.”

एक्स-रे निघाला. हाड सरळ, गुळगुळीत होतं. उजवा पायही तसाच.

“काका,” शबाना हळूच म्हणाली, “हे पाय कधीच मोडले नव्हते.”

जयवंतराव बाकावर टेकले आणि मनातल्या मनात वर्षं मोजू लागले.

नऊ वर्षांपूर्वी ते दक्षिण ध्रुवाजवळच्या संशोधन केंद्रात चौदा महिने जनरेटर सांभाळायला होते. आठवड्याला पाच मिनिटांचा फोन, चित्राशिवाय. सहा महिन्यांच्या काळोखात माणसं खचतात, म्हणून घरच्यांना आधीच बजावलेलं असे, की वाईट बातमी कळवू नका. ते विचारायचे, “खंड्या कसा आहे?” शालन म्हणायची, “आहे की, बसलाय दारात.” तिचा आवाज एकदाही हलला नाही.

ते परतले तेव्हा खंड्या त्यांच्यावर गुरगुरला आणि शालनच्या मागं दडला. “चौदा महिने काय थोडे झाले?” ती म्हणाली होती. “विसरला तो तुम्हाला.” ते त्यांच्या जिव्हारी लागलं. पुढच्या मोहिमेचा करार बॅगेतच होता, सही तेवढी बाकी होती. कुत्रंसुद्धा ओळखेना अशा घराला आपण किती दिवस पाठ दाखवणार? त्यांनी तो फाडून टाकला आणि पुन्हा कुठे गेले नाहीत. शालनच्या शेजारी बसून सहा वर्षं रोज सकाळचा चहा प्यायला मिळाला, तो त्या गुरगुरण्यामुळे.

घरी येऊन त्यांनी खंड्यापुढे नवं खाणं दुप्पट मापानं वाढलं. तो असा तुटून पडला की जयवंतरावांना हसू आलं आणि रडूही. अजून चार-पाच वर्षं तरी याची सोबत मिळेल, या विचारानं त्यांचा जीव भांड्यात पडला. पण मन तिथं थांबेना. तो पहिला खंड्या कशानं गेला? त्याला एकटीनं कुठं पुरलं असेल तिनं? असाच तांबडा, असाच एक कान पडलेला कुत्रा किती गावं हिंडून शोधला असेल? फक्त एकदा ती समोर यावी, असं त्यांना इतकं वाटलं की त्यांनी खरंच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“शालन,” ते मोठ्यानं म्हणाले, “मी राहिलो म्हणून तू गप्प राहिलीस, की मी राहावं म्हणून?”