लोटूची माय

तापीबाईच्या पाण्याला, कुणी नाव ग पुसावं,
ओंजळीत आलं त्याला, आपलंच ग म्हणावं...

हा आवाज धनश्रीने लहानपणी ऐकला होता. सुरतेत, लिंबायतच्या फुईच्या खोलीत, आतल्या बंद दाराआडून. जाडसर, बायकी, जात्याच्या घरघरीत मिसळलेला. शब्द दाण्यांसारखे पडायचे आणि पीठ होऊन विरायचे. वडिलांच्या बहिणीला, प्रमिलाबाईंना, ती फुई म्हणायची. आत फुईच गातेय असं तिने धरून चाललं होतं. लहानपणी काय, काहीही धरून चालता येतं.

आता ती गोडादऱ्यात राहत होती, बँकेत अधिकारी होती, आणि उन्हाळ्यापासून पणजोबांची आई शोधत होती.

झालं होतं असं. वंशावळ सांगणारा भाट आला. भाऊबंदांपुढे एकेक पुरुष उच्चारताना 'अमकीच्या पोटी' म्हणत गेला, आणि पणजोबांपाशी आल्यावर नुसतं 'लोटू' म्हणून पुढे सरकला. जुनी कुजबुज लगेच वर आली. लोटू म्हणे तापीच्या काठी सापडलेलं पोर. दूरचा चुलतभाऊ गजेंद्र, लोटूच्या वेलाबाहेरचा, यंदा कुळाचा कारभार बघत होता. तो म्हणाला, "ताई, रोट रगताचा माणूसच खातो. लोटूची माय दाखव, मग नाना पाटावर बसतील."

श्रावणात कुळाची देवी कानबाई बसते. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचा, घरच्या जात्यावर दळायचा, आणि त्या पिठाच्या रोटाचा, देवीपुढच्या जाड पोळीचा, कणही कुळाबाहेर जाऊ द्यायचा नाही. धनश्रीचे वडील शालिग्रामनाना जन्मभर त्या पंगतीला बसत आले होते. उन्हाळ्यापासून त्यांचं जेवणच तुटलं. ताटावरून उठताना विचारायचे, "मग मी कोनाचा गं, बेटा?" ते विचारणं धनश्रीला सोसत नव्हतं.

तिने खानदेशातल्या गावी जाऊन शाळेचं दप्तर पाहिलं, जन्ममृत्यूच्या नोंदी पाहिल्या, शेताचे जुने उतारे काढले. लोटू सगळीकडे होता. त्याचा बाप होता. एका कागदावर तर बैलांचे रंगही होते. आईची जागा कोरी. खोडलेली नव्हे, तर कुणाचा हात तिथवर कधी पोचलाच नाही अशी. त्या कोऱ्या जागेवर हळूहळू तिचा जीव जडला. कोरड्या मुलखात एक पोर जगवलं, त्याच्या वेलाची पानं थेट सुरतेच्या यंत्रमागांपर्यंत पसरली, आणि हिने स्वतःसाठी एक अक्षरही मागून घेतलं नाही. काय बाई असेल!

गावात डोळ्यांनी अधू झालेल्या कलाबाई भेटल्या. नाव विचारलं तर मान हलवली आणि तीच ओवी गुणगुणल्या. धनश्री पुढे सरकली.

"कोण गायचं हे?"

"काय माहीत, माय. मी परकरात होते, जातं गावातच होतं, तवाबी दार बंदच असायचं."

कानबाईच्या आदल्या दुपारी ती लिंबायतला गेली. गावाहून आणलेलं घरचं जातं फुईच्याच खोलीत होतं. साऱ्या भाऊबंदांचं रोटाचं दळण तिथेच व्हायचं. दळताना दार लोटलेलं. कुणी डोकवायचं नाही, ही रीत.

गल्लीत माग खडखडत होते. भिंती, जमीन, पाण्याचा हंडा, सगळं बारीक थरथरत होतं. फुई ओट्यावर बसली होती. "या बँकवाल्या. चहा पिता का आज बी कागदच खाता?"

धनश्री हसली. तेवढ्यात गजेंद्रची रिक्षा थांबली. पिठासाठी रिकामा डबा घेऊन तो उतरला.

"काय ताई, सापडली का माय?"

"शोधतेय."

"उद्या देवी बसते ना. जरा घाई कर."

आणि लाइट गेली.

माग थांबले. आख्खी गल्ली एका दमात गप्प झाली. त्या शांततेत आतल्या दारामागून घरघर आली. जड, सावकाश, एका लयीत.

धनश्रीने फुईकडे पाहिलं. फुईचे हात मांडीवर होते. संधिवाताने बोटं अशी वळली होती की कपाचा कानही त्यांत धरवत नव्हता.

"आत कोण आहे, फुई?"



तापीबाईच्या पाण्याला...

तोच आवाज. एका दिवसानेही म्हातारा न झालेला. गजेंद्रच्या हातातला डबा पायरीवर वाजला.

ओवी संपली. घरघर थांबली.

फुईने खांद्याने दार ढकललं. आत कुणी नव्हतं. खिडकी नव्हती, दुसरं दार नव्हतं. जात्याभोवती पिठाचं पांढरं कडं पडलं होतं, आणि खुंटा अजून किंचित हलत होता.

धनश्रीने पिठाला बोट लावलं. ऊन होतं.

"फुई," गजेंद्र म्हणाला, "हे दरसाल..."

"दरसाल. मी गहू मोजून ठेवते आन दार लोटते. मला मायनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. तुझा बाप, तुझा आजा, तू, सगळे तिच्याच हातचं खाऊन मोठे झाले. लोटू पोटचा की काठचा, ते तिचं तिला ठाऊक. आता तू नानाला पाटावरून उठव बरं."

गजेंद्र खाली बसला. म्हणाला, "उद्या नानांना घ्यायला मीच येतो."

धनश्रीचे डोळे भरून आले होते. "फुई, तिचं नाव काय?"

"ते मी कधी विचारलं नई."

"एकदाही नाही?"

फुईने वाकड्या बोटांनी पदर सावरला. सांगू की नको, असं तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं.

"तिनं विचारलं, माय. आज सकाळी, दाराआडून. तुझे हात तर गेले, मग तुझ्यामागं गहू कोन मोजणार, म्हने." ती धनश्रीकडे न बघता म्हणाली, "मी तुझं नाव सांगितलं. तर ती म्हनली, ठाऊक आहे. लहानपणापासून दाराशी येऊन बसते ती."