तिसऱ्या बागेचा संकल्प

चंद्रावरच्या सोमतळ वसाहतीत बेचाळीस माणसांचा श्वास एका फलकावर दिसत असे. सहा शेवाळबागा हवा तयार करीत, बागांतले संवेदक दर मिनिटाला आकडे पाठवीत, आणि फलक ते आकडे रंगीत पट्ट्यांत मांडून, कुठे काही कमी पडू लागलं तर हाक देई. तीन वर्षं हा फलक निरुपमा केळशीकर सांभाळत होत्या. आंघोळ झाली की चहाच्याही आधी फलकासमोर बसायचं, सहाही बागांवरून नजर फिरवायची आणि जिथं गरज असेल तिथली मर्यादा हातानं सुधारायची, हा त्यांचा नेम. एक दिवस चुकला नव्हता.

आणि आता डॉ. वर्तक ओवीचं कौतुक करत होते.

ओवी सोनटक्केला पृथ्वीवरून येऊन जेमतेम महिना झाला होता. तिनं स्वतःचा फलक उभा केला होता. आठवडाभर दोन्ही फलक शेजारी चालवायचे, मग एकच ठेवायचा, असं वसाहतप्रमुख वर्तकांनी ठरवलं होतं. ज्याचा फलक राहील, त्याच्याकडे हवेची जबाबदारी. आज सहावा दिवस होता.

"तिसऱ्या बागेचा संवेदक अकरा मिनिटं उशिरा बोलतो, हे याला ठाऊक आहे!" वर्तक म्हणाले. "वा, ओवी! बागांची नाडी कळते गं तुझ्या फलकाला."

निरुपमाताईंच्या काळजात बारीक कळ उठली. संवेदकाची नळी थंड भिंतीतून जाते, हवा तिथं रेंगाळते, हे उमगायला त्यांना दीड वर्ष लागलं होतं. तेव्हा कुणी वा म्हटलं नव्हतं. त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. या पोरीला ते महिन्यात कळलं?

"पण तुमच्या या कुप्या म्हणजे नक्की काय प्रकार आहे?" वर्तकांनी विचारलं. "मला शेवाळ कळतं. हे नाही कळत."

"फलक हा एक कार्यक्रम आहे," निरुपमाताई हळू आवाजात म्हणाल्या. "तो मोठ्या यंत्रात मोकळा सोडायचा नाही, कुपीत बंद करून चालवायचा. म्हणजे तो बिघडला तरी शेजाऱ्याला त्रास नाही. कुपी साच्यातून निघते. साचा कधी बदलत नाही."

"आणि कुपी बंद करून पुन्हा चालू केली तर?"

"साच्यातून नवीच निघते," ओवी म्हणाली. "मागचं काही आठवत नाही तिला. जन्मल्यावर ती आधी संकल्पपत्र वाचते. पूजेला बसताना आपण कुठे आहोत, कोण आहोत, कशासाठी बसलोय ते म्हणतात ना, तसं. मग कामाला लागते. जे जपायचं, ते कुपीबाहेर हवं. संकल्पपत्रात नाहीतर कोठारात, म्हणजे बाहेरच्या कायमच्या साठ्यात."

"तुझ्या कुपीला कोठारच जोडलेलं नाहीये," निरुपमाताई म्हणाल्या.

"नकोच मला, ताई. संकल्पपत्र आहे की."

निरुपमाताई गालात हसल्या. वसाहतीत संकल्पपत्र दोन ओळींचं लिहायची रीत होती: जागेचं नाव, फलकाचं नाव.

"ताई, तुमची कुपी शेवटची कधी जन्मली?"

"तीन वर्षांत एकदाही बंद पडू दिली नाही मी," त्या अभिमानानं म्हणाल्या. ओवी काही बोलणार होती, पण वर्तकांनी तिला बागेकडे नेलं.

दुपारी सगळे जेवायला गेले. निरुपमाताईंचा त्या दिवशी उपास होता, त्यामुळे नियंत्रणकक्षात त्या एकट्याच उरल्या. ओवीची कुपी एकदा नव्यानं जन्माला घातली की संपलं. दोन ओळी उरतील. नाडी कळते म्हणे!

अडचण एवढीच, की आज्ञेत कुपीचं नाव घातलं तर नोंदीत ते दिसणार. नाव न घालता दिलेली आज्ञा मात्र साध्या देखभालीसारखी दिसते. सगळ्याच कुप्या नव्यानं जन्मतात. जन्मू देत. आपल्या कुपीला कोठार आहे.

त्यांनी आज्ञा दिली.

चाळीस सेकंदांत ओवीचा फलक परत उभा राहिला. जसाच्या तसा. तिसऱ्या बागेची पट्टी पिवळी झाली होती. हवा कमी पडू लागल्याची हाक येत होती.

त्यांच्या स्वतःच्या फलकावर तीच पट्टी हिरवीगार होती. अकरा मिनिटांपूर्वीचा आकडा तो आताचा म्हणून दाखवत होता.

कोठारात तीन वर्षांचे आकडे सुखरूप होते. पण रोज सकाळी हातानं केलेल्या सुधारणा कुपीच्या आतच राहिल्या होत्या, आणि ती कुपी आता नव्हती. त्यांनी आधी तिसऱ्या बागेचे दिवे वाढवले. बेचाळीस जणांची हवा ओवीच्या फलकानं राखली होती. पण हे त्याच्या लक्षात राहिलं कसं?

त्यांनी ओवीचं संकल्पपत्र उघडलं. ओळींवर ओळी होत्या. प्रत्येक ओळीला तीन रकाने: बदल, कोणी, कारण.

"तिसरी बाग, अकरा मिनिटं उशीर. निरुपमाताई. जुन्या आकड्यांवरून जुळवलं; नळी थंड भिंतीतून जाते."

"पाचवी बाग, मर्यादा थोडी खाली. निरुपमाताई. आज सकाळी त्यांनी बदललं. विचारायचा धीर झाला नाही."

दुसऱ्या रकान्यात सगळीकडे एकच नाव होतं. महिनाभर ती पोर रोज सकाळी मागं उभी राहून बघत होती. ज्या कौतुकानं त्यांना जाळलं, ते त्यांचंच होतं.

दार सरकलं. "ताई, तुमच्यासाठी साबुदाण्याची खिचडी आणलीये," ओवी म्हणाली आणि दोन्ही फलक पाहून दारातच थबकली. "अगंबाई! हे काय झालं?"

निरुपमाताई उत्तराऐवजी त्याच संकल्पपत्राच्या शेवटी नवी ओळ टंकत होत्या. ओवीनं खांद्यावरून वाकून वाचलं.

"सर्व कुप्या नव्यानं जन्माला घातल्या. निरुपमा केळशीकर. मत्सर."

ओवीनं खिचडी मेजावर ठेवली.

"पुसून टाका ना ताई," ओवी म्हणाली. "संकल्पपत्र आहे ते. कुपी जन्मेल तेव्हा तेव्हा ही ओळ वाचली जाईल."

"वाचू दे," निरुपमाताई म्हणाल्या. "मीही वाचीन. रोज सकाळी, चहाच्या आधी."